अनोळखी गाण्याला साथ

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू भांडी घासताना गुणगुणायच्या आणि कुणी दारात आलं की एकदम गप्प व्हायच्या. लग्नाआधी त्या भीमगीतांच्या गायन पार्टीत गायच्या, असं आई सांगायची. मी विचारलं की म्हणायच्या, "ते गेलं गं तेव्हाच."

एकदा उल्हासनगरला आमच्या कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी कुणा रॉक गायकाचा कार्यक्रम होता. त्याचं नाव आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. मैत्रिणीनं ऐनवेळी एसेमेस करून टांग दिली, म्हणून मी काकूंना घेऊन गेले. गिटारच्या दणदणाटात त्या पदर घट्ट धरून उभ्या होत्या. मला वाटलं, उगाच आणलं.

मग एका संथ गाण्यात गायकानं एक ओळ म्हणून माइक लोकांकडे वळवला. शब्द कुणालाच येत नव्हते. मागून एकजण ओरडला, "अरे भाई, गाना तो मालूम होना चाहिए!" सगळे हसले.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज उठला. काकूंनी शब्दांशिवाय, नुसत्या आकारात, ती अख्खी ओळ वरच्या पट्टीत म्हटली. हसणं थांबलं. गायकानं डोळ्यांवर हात आडवा धरून गर्दीत शोधलं, पुढची ओळ म्हटली आणि पुन्हा माइक पुढे केला. काकूंनी तीही घेतली.

कार्यक्रम संपला तशी पोरं रिक्षांकडे पळाली. काकू मात्र स्टेजवरच्या वायरी गुंडाळणाऱ्या माणसांकडे बघत राहिल्या.

"उद्या कुठं असेल गं तो?"

"पुण्याला म्हणाला ना मघाशी."

"पुणं काही फार लांब नाही," त्या म्हणाल्या, आणि तिथून हलेनात.