बाबांच्या पाढ्यांचं सील

माझे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, तोवर कॉलनीतल्या दोन पिढ्यांचे पाढे त्यांनी पाठ करून घेतले होते. नोकरी यंत्रांची, हौस पाढ्यांची. नागपूरला माझ्याकडे राहायला आल्यावर ही हौस भागेना, म्हणून मी त्यांच्या आवाजातल्या पाढ्यांचं अॅप केलं. अॅप बनवण्यावरच माझं पोट आहे. हे मात्र फुकट आणि एकही जाहिरात नसलेलं, ही बाबांची अट.

काही महिन्यांनी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "काहून गा, म्हातारपणी पोरायले जुगार शिकवून राहिला का?" तो गमतीनं बोलला असेल, पण बाबांना झोंबलं. आमच्या अॅपची नक्कल कोणीतरी दुसऱ्याच नावानं बाजारात सोडली होती. तेराचा पाढा संपला की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात, मग चौदाचा. आवाज बाबांचा. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी मैदानावर फिरायला जाणं सोडलं. आयुष्यभर ताठ मानेनं वावरलेला माणूस तोंड लपवून घरात बसलेला मला बघवेना.

मी ती नक्कल उतरवून ऐकली. एकोणिसाच्या पाढ्यात मध्येच कुकरची शिट्टी, आणि आईला दटावणारा बाबांचा आवाज, "थांब वं, रेकॉर्डिंग सुरू आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पक्क्या अॅपमधून ही शिट्टी मी काढली होती. ती राहिली होती फक्त चाचणीसाठी बांधलेल्या अॅपच्या कच्च्या फाइलमध्ये, आणि ती फाइल मी एकाच माणसाला दिली होती.

बाबांनी लगेच कबूल केलं. मैदानावर ज्यानं मागितली त्याला त्यांनी फोनवरून पाठवून दिली, त्यानं पुढे पाठवली. आमच्याकडे घरचं काही कोणी मागितलं तर नाही म्हणायची पद्धतच नाही, मग संत्री असोत की फाइल. मी त्यांच्यापुढे त्यांच्याच चुकांचा पाढा वाचला. कच्च्या फाइलला कसलंच कुलूप नव्हतं, कोणीही उघडावी, आत जाहिरात घालावी आणि पुन्हा बांधून विकायला ठेवावी. ते एवढंच म्हणाले, "पाढे का कोणाच्या बापाचे राहतेत वं?"

मी म्हटलं, पाढे नसतील, पण आवाज माझ्या बापाचा आहे.

शिट्टीचा पुरावा जोडून तक्रार केली तेव्हा ती नक्कल बाजारातून निघाली. तरी बाबा मैदानावर जाईनात. मी अॅप नव्यानं बांधायला घेतलं आणि त्यांना समजावलं, की त्यावर माझी डिजिटल सही असते, कोणी आत हात घातला की ती सही टिकत नाही, आणि अॅप स्वतःच ते तपासून चालायला नकार देतं. "म्हणजे मीटरले सील राहते तसं," बाबा म्हणाले. अगदी तसंच. मी आणखी कडक करणार होते. बाजारातून न घेता कोणी फोनवरून हातोहात दिलेलं अॅप चालूच नये, असा माझा बेत होता. तो त्यांनी हाणून पाडला. सील शाबूत असेल तर चालू दे, असं त्यांचं म्हणणं. मी कुरकुरत मान्य केलं.

सील मोडलेलं सापडलं तर ऐकू येईल असं एक वाक्य तेवढं बाबांच्या आवाजात हवं होतं. मी चांगलं झणझणीत लिहून दिलं, चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारं. बाबांनी कागद बाजूला ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू होताच ते सावकाश बोलले, "बाळा, हे मी दिलेलं नाही. हे बंद कर, अन् पाढा वहीत लिही."

इतकं गोड बोलल्यावर चोराला कसली लाज वाटणार, असं मी विचारलं.

"चोर कुठी ऐकते वं," बाबा म्हणाले. "ऐकणारं तं लेकरूच राहते."

मी ते वाक्य तसंच ठेवलं. बाबा उठले आणि फिरायला जायचे बूट शोधू लागले.