पोटातल्या गाठी आणि आईचा चहा

जुळी मुलं झाली तेव्हापासून माझं पोट सुटलं ते सुटलंच. मुलं बारावीला गेली तरी इथे काशीत, मैदागिनच्या चौकात एका ई-रिक्षावाल्याने माझ्याकडे बघून शेजारच्या माणसाला दटावलं, "थोड़ा खिसकिए भइया, बहनजी की हालत नहीं दिखती?" घरी येऊन मी रडले आणि त्याच आठवड्यात पोटाच्या ऑपरेशनची चौकशी केली. सैल कातडी कापून टाकायची, आतले स्नायू ओढून शिवायचे. बँकेतून रजा घेतली. सगळ्यांना सांगितलं, हर्निया आहे. दिसण्यासाठी पोट कापून घेतेय, हे आमच्या दूधविनायकच्या गल्लीत सांगायची माझी छाती नव्हती.

ऑपरेशननंतर आईकडेच राहिले. महिनाभर कंबरेत वाकून चालत होते, ऐंशीची आई माझ्यापेक्षा ताठ. पोटाला चोवीस तास पट्टा, आणि शिंक आली की जीव जायचा. टाके सुकले, पण त्यांच्या वरच्या अंगाला गाठी राहिल्या. तीन मोठ्या, बाकीच्या बारीक, दगडासारख्या कडक. कुशीवर वळलं की कळ यायची. डॉक्टर म्हणाले, चरबी घट्ट झालीय, हळूहळू विरघळेल, सहा-आठ महिने लागतील. सुंदर दिसायला गेले आणि हे घेऊन बसले, असा स्वतःचाच राग यायचा.

एकदा आंघोळीला मदत करताना आईचा हात त्या गाठींवर पडला आणि तिथेच थांबला.

"हे काय गं?"

"काही नाही. चरबीची गाठ आहे. विरघळेल, म्हणालेत."

तिने माझी पाठ पुसली, गाऊन चढवला आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकच कप चहा केला, माझा. तिसऱ्या दिवशीही तेच. आईचा चहा म्हणजे काय ते घरच्यांनाच ठाऊक. आलं ठेचून, दूध आटवून, दिवसातून चार वेळा; आणि तो पिताना कोणी बोललेलंही तिला खपत नसे. मी विचारलं तर म्हणाली, "सोडला."

माझ्या गाठींसाठी सोडला, हे मला लगेच कळलं. माझे वडील रामघाटावर यात्रेकरूंची धार्मिक कृत्यं करत. काशीत आल्यावर एखादी आवडीची वस्तू कायमची सोडायची असते, म्हणून ते प्रत्येकाला विचारत, काय सोडता? लोक कारलं सोडत, कोणी दुधी. आई आतून ऐकून हसायची. "जे गिळवत नाही तेच सोडतात मेले!" आम्ही इथेच राहणारे, आमच्या घरात कधी कोणी काही सोडलं नव्हतं.

मग मला खरं सांगावंच लागलं. हर्निया नव्हता, पोट वाईट दिसत होतं म्हणून कापून घेतलं, गाठी त्याच्याच आहेत, जिवाला काही धोका नाही. सांगताना लाजेने कान तापले होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पोट दिसायला बरं नाही म्हणून कोणी फाडून घेतं का?" ती म्हणाली. "मला समजवू नकोस. तुझ्या मावशीला मीही हेच सांगितलं होतं. चरबीची गाठ आहे, विरघळेल."

मावशी त्या गाठीनेच गेली होती, शेवटचे चार महिने आमच्याच घरी. मी कागद काढून दाखवले. ते इंग्रजीत. डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांचं "जी माताजी, कुछ नहीं है" तिने ऐकलं आणि फोन मला परत देत म्हणाली, "ते तरी दुसरं काय सांगणार?" एवढी वर्षं मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. एकदाच बोलले, आणि त्यानंतरचं खरंही वाया गेलं.

आठव्या महिन्यात दोन मोठ्या गाठी विरघळल्या. बारीक तर त्याआधीच गेल्या होत्या. मी तिचा हात धरून पोटावर फिरवला, तशी ती पदर तोंडाला लावून रडली. "तुझ्या मावशीच्या वेळी सुचलं नाही गं मला," म्हणाली. मी म्हटलं, आता तरी चहा घे. तिने मान हलवली. सोडलेलं परत घेत नाहीत. अजूनही मी गेले की ती आलं ठेचून चहा करते आणि साखर बरोबर आहे का, हे मला विचारते. तिला चव घेता येत नाही.

तिसरी गाठ डाव्या अंगाला आहे, अगदी कडेला. त्या दिवशी तिचा हात मी तिथवर जाऊ दिला नव्हता. थंडीत ठणकते. डॉक्टर म्हणतात, ही कदाचित राहील. आई दर वेळी विचारते, सगळ्या गेल्या ना? मी हो म्हणते. सांगितलं तर ती आणखी काहीतरी सोडेल, आणि तिच्याकडे आता सोडण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.