फिरत्या क्लबाचं छत

जोल्चुबेकची बायको तीन महिन्यांसाठी रशियाला गेली, त्याला येत्या मार्चमध्ये सहा वर्षं होणार होती. मुलीचं बाळंतपण होतं. मग बाळ लहान होतं. मग दुसरं झालं, आणि आता तिसऱ्याला पाळणाघरात घेत नव्हते. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. बिश्केकमधल्या त्याच्या एका इमारतीतच असे बरेच म्हातारे होते, ज्यांच्या बायका कुठल्या ना कुठल्या रशियन शहरात तीन महिन्यांसाठी गेलेल्या होत्या. त्यातले काही खाली बाकावर बसून डोमिनो खेळत, काही पीत. जोल्चुबेक स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून प्लास्टिकचे पातळ तुकडे कापत असे. शेजाऱ्यांच्या मते तिन्हींत हेच लक्षण सगळ्यात काळजीचं होतं.

त्याने आयुष्यभर ट्रक चालवला. त्यातली चौदा वर्षं फिरत्या क्लबाचा ट्रक. उन्हाळ्यात मेंढपाळ कुरणांवर चढले की हा क्लब त्यांच्यामागून घाट चढायचा. मागच्या पेटीत सिनेमाचं यंत्र, चारशे पुस्तकं, एक अकॉर्डियन आणि सोनुनबुबु. सिनेमा ती दाखवायची, पुस्तकं ती द्यायची, न आलेली पुस्तकं तंबूतंबूंत जाऊन तीच वसूल करायची. केबिन आणि पेटी यांच्यामध्ये विजेची घंटी होती. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. लग्नाआधीचं त्यांचं बरंचसं बोलणं याच भाषेत झालं, आणि लग्नानंतर ती भाषा बदलायची त्यांना फारशी गरज वाटली नाही.

ट्रक कारखान्यातला होता, हजारोंसारखा. पण मागची पेटी नारिनच्या दुरुस्तीखान्यात तीन वेल्डरांनी लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेली. तशी एकच होती. सोव्हिएत देश मोडला तेव्हा तीही मोडीत निघाली आणि भंगार होऊन घाटापलीकडे चीनला गेली.

तीच पेटी जोल्चुबेक पुन्हा बनवत होता, त्रेचाळीस पटींनी लहान. बाजारात जुना खेळण्यातला ट्रक मिळाला होता, धातूचा, उघड्या हौद्याचा. हौदा काढून टाकला. पेटीच्या भिंती प्लास्टिकच्या, खिडक्या शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या. छताचा बाक आणण्यासाठी त्याने प्लास्टिकची पट्टी बाटलीला दोऱ्याने बांधली आणि वरून उकळतं पाणी ओतलं; सहाव्या पट्टीला बाक जमला. पत्र्यावरचे रिव्हेट म्हणजे सुईच्या टोकाने ठेवलेले डिंकाचे थेंब, एका बाजूला एकशे बारा. खाली निळसर हिरवा रंग, वर सायीचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढ्या कामाला लागले. त्या काळात तो मोठ्याने बोलला तो मुख्यतः गॅसवाल्याशी.

शहरात असल्या गाड्यांचा नाद असणारे वीसेक लोक होते. रविवारी ते जुन्या सांस्कृतिक भवनाच्या तळमजल्यावर जमत आणि एकमेकांच्या चुका काढत. नूरुझला, मार्चमधल्या नववर्षाच्या सणाला, त्यांचं प्रदर्शन भरायचं. त्यात दोन फळ्या असत. वरच्या फळीवर ‘झालेल्या’ गाड्या, म्हणजे ज्या खरोखर रस्त्यावर होत्या. खालच्या फळीवर ‘मनच्या’. कुठली गाडी कुठे जायची हे आर्काडी ख्वान ठरवायचा. तो कोरियन, निवृत्त नकाशा-आरेखक. कागदावर नसलेली गोष्ट जगात असते यावर त्याचा विश्वास नव्हता.

ख्वानने भिंग लावून पेटी चारी बाजूंनी पाहिली. पाच मिनिटं बोलला नाही. त्याच्याकडून यापेक्षा मोठी स्तुती कुणाला मिळाली नव्हती.

“रिव्हेट हाताने?”

“हाताने.”

“डोळे अजून आहेत म्हणायचे. फोटो आहे का बाइके, खऱ्या गाडीचा?” बाइके म्हणजे थोरला भाऊ.

“मी चालवलीय. चौदा वर्षं.”

“तुम्ही चालवलीत, मान्य. मागच्या वर्षी एक जण आला होता, त्याने अंतराळयान चालवलं होतं. फोटो आहे?”

“बायको साक्ष देईल.”

“बायकोची साक्ष धरायची तर माझ्या घरात एकही गाडी नाही,” ख्वान म्हणाला. “तिच्या हिशेबाने अठरा वर्षं मी बाजारातून नुसती भाजी आणतो.”

सगळे हसले. जोल्चुबेकही हसला, पण ट्रक डब्यात ठेवताना झाकण त्याला दोनदा लावावं लागलं. खालच्या फळीवर पंख लावलेली व्होल्गा होती आणि चंद्रावर जाणारी बस. चौदा वर्षं त्यांच्या शेजारी बसवायची त्याची तयारी नव्हती. ती वर्षं झाली होती, एवढंच त्याला कुणाकडून तरी लिहून हवं होतं. आणि लिहून देणारा माणूस शहरात एकच होता, तोही असा.

फोटोचा अल्बम मुलीकडे होता. बायकोला फोन करायचा तर आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी, असं न ठरवताच ठरलेलं होतं. त्याने बुधवारी केला.

“कोण गेलं?” सोनुनबुबुने उचलताच विचारलं.

“कुणी नाही. क्लबाच्या गाडीचा एक फोटो होता ना, तू पायरीवर उभी असलेला?”

“त्यासाठी बुधवारी? आबिश्का, माझ्या हाताला पीठ लागलंय.” आबिश्का म्हणजे म्हातारबा, पंचविशीतही ती त्याला हेच म्हणायची.

“धुऊन घे की. मी थांबतो.”

फोटो संध्याकाळी आला. सोन-कोलचं कुरण, पेटीची उजवी बाजू, तीन खिडक्या, निळा-हिरवा पट्टा, पायरीवर सोनुनबुबु डोक्याला रुमाल बांधून, उन्हाने डोळे बारीक केलेले. जोल्चुबेकने खिडक्यांमधली अंतरं मोजली. त्याची आठवण अर्ध्या मिलिमीटरनेही चुकली नव्हती. रविवारी ख्वानने फोटो पाहिला, पट्टी लावली, आणि वहीत वरच्या फळीखाली लिहिलं : ‘फिरता क्लब, नारिन. झालेली.’ मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “मला पहिल्यापासून वाटत होतं.”

त्या दिवशी जोल्चुबेकने येताना पावशेर मिठाई घेतली आणि एकट्याने खाल्ली. मग ट्रक मेजावर ठेवून त्याचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला. या नादातले सगळे लोक काढतात तसाच काढला, वरून, जरा तिरका.

फोन तिचा आला. रविवारी.

“छान केलीय. अगदी तीच.” मग ती म्हणाली, “छत तेवढं चुकलंय.”

“छताला काय झालं?”

“काच कुठे आहे?”

“कसली काच?”

पलीकडे मूल रडलं, कुणीतरी त्याला उचललं, दार लागलं. मग सोनुनबुबुने सांगितलं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचं अपेंडिक्स फुटलं आणि तो नारिनच्या इस्पितळात दहा दिवस पडून होता. गाडी दुरुस्तीखान्यात. तिथल्या एका वेल्डरला तिने लोणी दिलं आणि यंत्राच्या शेजारी, वर छताला, पोळपाटाएवढी काच बसवून घेतली. आत दिवसभर अंधार असायचा. घाट चढताना सहा सहा तास. काचेखाली बसलं की वाचता यायचं.

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सरकारी गाडीला भोक पाडलेलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही परवानगीसाठी अर्ज लिहिला असता.”

त्याने लिहिला असता.

“पण मी आत यायचो की. यंत्र उतरवायला.”

“तेव्हा मी वर नमद्याचा, जाड लोकरीचा तुकडा लावलेला असायचा. उन्हाने रिळं खराब होतात, असं सांगितलं होतं तुम्हाला.”

“आणि हिवाळ्यात छतावरचा बर्फ?”

“मीच काढायचे ना. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचा, बायको काय कामसू आहे म्हणून.”

फोन ठेवल्यावर जोल्चुबेकने ट्रक दिव्याखाली धरून वरून पाहिला. खऱ्या गाडीचं छत कुणालाच दिसत नाही. तिच्या शेजारून चालतात, तिच्यात बसतात, ती धुतात ती खांद्यापर्यंत. छोट्या गाडीचं मात्र पहिलं दिसतं ते छतच. चौदा वर्षं त्याने आरशात पेटीच्या दोन्ही भिंती पाहिल्या होत्या. मागे ती अंधारात बसलीय म्हणून तो खड्डे चुकवत आला होता, आणि तिच्या डोक्यावर आभाळ होतं.

सोमवारी त्याने ख्वानला घरी फोन केला.

“छताला काच होती,” तो म्हणाला.

“फोटोत आहे?”

“फोटोत छत कुठंय?”

“मग कागद?”

“बेकायदा होती. कागद कसा असेल?”

“बाइके, ऐका माझं,” ख्वान म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. “गाडी पास झालीय. फोटोशी शंभर टक्के जुळते. तुम्ही आता तिला भोक पाडलंत तर ती फोटोतली गाडी राहत नाही. मला खाली ठेवावी लागेल. मला आवडणार नाही, पण ठेवीन.”

“ठेवशील, माहीत आहे.”

“प्रदर्शन होऊ दे. मग काय पाडायचं ते पाडा.”

सल्ला चांगला होता. जोल्चुबेकने दोन दिवस तो पाळला. तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन मेजावर आल्यावर, त्याने छतावर पेन्सिलने सात बाय नऊ मिलिमीटरचा चौकोन आखला. रंगवून वाळलेल्या, बाक दिलेल्या प्लास्टिकला भोक पाडणं म्हणजे पाच महिन्यांचं काम मोडायची उत्तम संधी. त्याने बारीक गिरमिटाने कडेकडेने भोकं पाडली, ती सुरीने जोडली, तुकडा आत पडला. कोपऱ्यातून एक चीर गेली. ती भरून, घासून, छत पुन्हा रंगवावं लागलं. काच बसवली तेव्हा नूरुझला एकच दिवस उरला होता.

ख्वानने गाडी हातात घेतली, छत पाहिलं, वही काढली आणि एक ओळ खोडली. गाडी खालच्या फळीवर गेली, पंखवाल्या व्होल्गाच्या शेजारी. पाटीवर ‘मनची’ असं लिहिताना त्याने नेहमीपेक्षा बारीक अक्षर काढलं. जोल्चुबेकने हरकत घेतली नाही.

प्रदर्शनाला सणाची गर्दी होती. लोक सुमोलोकच्या, म्हणजे गव्हाच्या कोंबांच्या सणाच्या खिरीच्या, वाट्या हातात घेऊन फिरत होते. खालच्या फळीकडे बघायला वाकावं लागत असे, आणि वाकलेला माणूस वरूनच बघतो. एक बाई वाकली, काचेतून आत बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, आत काहीच नाहीये.”

हे खरं होतं. खिडक्यांमागे पडदे रंगवले होते, त्यामुळे आत काही करायची गरज पडली नव्हती. आता वरून सगळं दिसत होतं : पांढरी, रिकामी, डिंकाचे डाग पडलेली पेटी. जोल्चुबेकने दुपारीच गाडी डब्यात घातली. ख्वान धावत आला.

“रागावलात?”

“नाही. आतलं राहिलंय.”

“काय होतं आत?”

“ते मला माहीत नाही,” जोल्चुबेक म्हणाला. “विचारावं लागेल.”

वार गुरुवार होता. सोनुनबुबुने उचललं तेव्हा तिच्याकडेही सण चालू होता, मागे गाणं लागलं होतं. त्याने शुभेच्छा दिल्या, नातवंडांची चौकशी केली, मग कागद-पेन्सिल जवळ ओढली. पुस्तकांची फळी कुठल्या भिंतीला? डाव्या. यंत्र कशावर? लोखंडी तिवईवर, पायांना रबर. अकॉर्डियन? खोक्यात, दारामागे. ती भराभर सांगत गेली, न आठवता, जणू आत्ताच तिथून उठून आली होती.

“काचेखाली काय होतं?”

“खुर्ची.”

“एक की दोन?”

“एकच,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला बसायचंच नव्हतं ना.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग तिला कुणीतरी हाक मारली, आणि ती शनिवारी बोलू म्हणाली. जोल्चुबेकने कागदावर खुर्ची लिहिली, पुढे एकचा आकडा टाकला, आणि पाठ किती उंच होती ते विचारायचं राहिलं हे त्याच्या लक्षात आलं.