गजानन — अनसिंग

लिहायला बसण्याआधी मी उठून दाराची कडी पाहून आले. भरदुपार आहे, घरात कुणी नाही, आणि तरी पाहून आले. यावरून काय ते समजा. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हाही ती शब्दांत येऊ देत नाही. मग तुम्हाला का सांगते? कदाचित तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून.

आधी माझ्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वाशिमला एका शाळेच्या कार्यालयात काम करते. पन्नाशी ओलांडली आहे. नवरा नोकरीसाठी अकोल्याला असतो, मुलगी पुण्याला. गल्लीत कुणाचं लग्न असो की दवाखाना, लोक म्हणतात, ताईला विचारा. आचाऱ्याचा नंबर ताईकडे, रुग्णवाहिकेचा ताईकडे, कुणाच्या बाळाच्या लशीची तारीखसुद्धा ताईच्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये. मला ते आवडायचं. उगाच कशाला लपवू — फार आवडायचं.

नंबर जतन करायची माझी एक पद्धत होती. आमच्याकडे माणूस ओळखायचा तो गावावरून. नुसत्या नावानं हाक मारली तर चौघं वळून पाहतात. म्हणून पहिल्या रकान्यात नाव आणि आडनावाच्या रकान्यात गाव. गजानन — शिरपूर, हा बोअरच्या मोटरी दुरुस्त करणारा. गजानन — इंझोरी, याच्याकडून वर्षाची तूरडाळ येते. आणि गजानन — अनसिंग.

हा अनसिंगचा गजानन म्हणजे समोरच्या सुमनकाकूंचा धाकटा मुलगा. काकू थोरल्याकडे, प्रभाकरकडे राहायच्या. दोघा भावांचं वाटणीवरून बिनसलेलं, बोलणं बंद. प्रभाकर कामावर असेल अशी वेळ पाहून गजानन अधूनमधून यायचा, आईजवळ बसायचा, निघून जायचा. माझी त्याची ओळख तेवढीच — येताजाता मान हलवण्यापुरती. एकदा मात्र तो जाताना माझ्या फाटकाशी थांबला. स्वतःचा नंबर सांगितला, मी मोबाइलमध्ये घातला, आणि त्यानं तो माझ्याकडून परत म्हणवून घेतला.

"ताई, मायचं काही कमीजास्त झालं तं तुमी मले फोन करजा," तो म्हणाला. "भाऊ नाही करनार. तुमी करसान, मले मालूम हाय."

मी म्हटलं, करीन.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी माझा मोबाइल वेगळाच दिसायला लागला. रात्री चार्जिंगला लावला होता, तेव्हा त्यानं अपडेट घेतलं होतं. कॅलेंडर उघडलं तर प्रत्येक नोंद दोनदा. शाळेची बैठक दोनदा, 'मोटरवाल्याला आठवण' दोनदा — आमची मोटर आठवडाभर बंद होती आणि शिरपूरचा गजानन आज येतो, उद्या येतो करत होता. नंबरांच्या यादीत तर विचारू नका. एकेक नाव दोन-तीनदा, आणि कितीतरी नावांपुढचा गावाचा रकाना रिकामा.

मी असल्या गोष्टींना घाबरणारी नव्हे. शाळेत सगळ्यांचे फोन मीच नीट करून देते. सिंक बंद केलं. खातं काढलं, पुन्हा जोडलं, सिंक सुरू केलं. कॅलेंडर ताळ्यावर आलं, यादी नाही. मग फोननंच विचारलं — ही नावं सारखी दिसतात, एकत्र करायची का? खाली एक बटण होतं, सगळी एकदम एकत्र करण्याचं. इतरांना मी नेहमी बजावते: वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही, एकेक नाव उघडून पाहायचं. मी पाहिलं का? शाळेची वेळ झाली होती. गॅसवर भाजी होती. दाबलं. यादी क्षणात स्वच्छ झाली, आणि घर झाडून काढल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

तीन गजाननांचं एकच कार्ड झालं होतं. गाव नाही, काही नाही. नुसतं 'गजानन', आणि आत एकाखाली एक तीन नंबर. हे मी तेव्हा पाहिलं नाही. त्याच दिवशी पाहावं लागलं — पण ते पुढे.

शाळेत पोचते तोच प्रभाकरच्या बायकोचा फोन आला. काकूंना दवाखान्यात नेलं होतं. मी गेले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन सांगत होते की कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. काकू शुद्धीवर होत्या. माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "गजूले सांग." प्रभाकर भिंतीकडे तोंड करून उभा होता. तसाच, न वळता म्हणाला, "लावा ताई तुमी. माह्याजोळ त्याचा नंबर नाही."

मी बाहेरच्या पडवीत आले. जनरेटर धडधडत होता, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मी 'गजानन' उघडलं आणि हिरवं बटण दाबलं. पलीकडून हॅलो आलं. मी म्हटलं, "गजाननभाऊ, ताबडतोब निघा. आता थांबण्यासारखं काही राहिलेलं नाही."

"निघतोच ताई. सामान घेतो अन् येतो."

सामान म्हणजे कपडे, मुक्कामाचे, असं मी समजले. मला तर उलट बरं वाटलं, की माणूस राहायच्या तयारीनं येतो आहे. आत जाऊन काकूंच्या कानाशी सांगितलं, निघालाय. त्यांनी मान हलवली. आणि त्यानंतर त्या दाराकडे पाहत राहिल्या.

अनसिंग काय लांब आहे? दार उघडे, नर्स आत येई. दार उघडे, प्रभाकरची बायको आत येई. दर वेळी काकूंची नजर त्या माणसाच्या मागे जाऊन परत येई. दुपार कलताना त्या गेल्या. नजर दाराकडेच होती. डोळे मीच मिटले.

प्रभाकरनं तरीही वाट पाहिली, हे मला सांगायलाच हवं. तिरडी बांधून झाली तरी तो गल्लीच्या टोकाकडे बघत होता. मला विचारलं, येतो म्हणाला होता ना? मी म्हटलं, हो, येतो म्हणाला. तोवर तेच मला खरं वाटत होतं. शेवटी दिवस मावळायच्या आत उचलायचं ठरलं. बायकांत कुजबुज सुरू झाली की जमिनीपायी माणसाला मायही नकोशी होते. मीही त्यात मान हलवली.

घरी आले, अंघोळीला गेले. मयताहून आल्यावर कशाला हात लावायचा नसतो, म्हणून सरळ न्हाणीत शिरले आणि सवयीनं नळ फिरवला. नळ फिरवताना आठवलं, टाकी तर आठवडाभर कोरडी आहे.

पाणी आलं. चांगलं जोरात, भरल्या टाकीचं.

बादली भरत होती आणि मी पाहत होते. मोटर कुणी दुरुस्त केली? कधी? स्टार्टरची पेटी बाहेरच्या भिंतीवर, फाटक नेहमी नुसतं लोटलेलं. सामान घेतो अन् येतो. बादली भरून वाहायला लागली, तरी नळ बंद करायला माझा हात उठेना. मोबाइल पाहायची गरज नव्हती. तरी ओल्या हातानं पाहिला. एक कार्ड, तीन नंबर. लागला होता तो पहिला, शिरपूरचा. अनसिंगचा सगळ्यांत खाली होता.

तेव्हा लावता आला असता की नाही? आला असता. चिता अजून विझली नव्हती. तो येऊन निदान तिथे उभा राहिला असता. मी फोन पालथा ठेवला आणि अंघोळ केली. त्याच पाण्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावडायला जायची तयारी चालली होती, तेव्हा तो आला. अनसिंगच्या स्टँडवर कुणाकडून तरी ऐकून आला होता. अंगावर शेतातले कपडे, पायात चपला नाहीत. प्रभाकरनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. मला कुणाचा फोनच आला नाही, असं तो परत परत सांगत होता. प्रभाकर म्हणाला, "ताईनं सोता केला तुले. इचार तिले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी गजाननला फोन केला होता," मी म्हणाले.

हे वाक्य मला तिथे उभ्या उभ्या सुचलं नव्हतं. पहाटेपासून मी ते जुळवत होते. त्यातला कोणताही शब्द कुणाला खोटा पाडता येणार नाही, असं ते मी घासूनपुसून तयार ठेवलं होतं. लोकांनी लगेच विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? ताईचं आजवर काही चुकलं होतं का? त्या सकाळी त्याला मायच्या राखेला हात लावू दिला नाही.

त्यानंतर भीती माझ्या घरात राहायलाच आली. तेरवीच्या पंगतीत शिरपूरचा गजानन प्रभाकरच्या शेजारीच बसला होता. मी वाढत वाढत तिथे पोचले, तर तो मोठ्यानं म्हणाला, "काय ताई, पानी येऊन राह्यलं ना जोरात?" माझ्या हातातली भाजी त्याच्या पत्रावळीबाहेर सांडली. तो हसला. प्रभाकरचं लक्ष नव्हतं — की होतं? मी आजही तो क्षण आठवून प्रभाकरचा चेहरा तपासते. पुढे मोटर पुन्हा बिघडली तेव्हा मी दुसऱ्या माणसाला बोलावलं. शिरपूरचा गजानन बाजारात दिसला की मी रस्ता बदलते. तो बिचारा समजतो, त्याचं काम मला आवडलं नाही.

एवढं सांगितलं, आणि तरी मुख्य गोष्ट अजून सांगितलेलीच नाही. तुमच्या लक्षात आलं असेल, मी तिच्याभोवती फिरते आहे. चुकीचा नंबर लागला — माणसाच्या हातून होतं. वाक्य जुळवलं — घाबरून केलं, असं म्हणून घेता येईल. पण पुढचं?

तेरवीनंतर थोड्याच दिवसांनी गजानन, अनसिंगचा गजानन, माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच जागी. मला वाटलं, कळलं याला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

"ताई, तुमी केला म्हनता तं केलाच असन. तुमी कायले खोटं बोलसान? भाऊ म्हनते, मी येतो म्हनलो. मी तं कोनासंग बोललोच नाही. माह्याच मोबाइलले काही झालं असन. जरा पाहून देता काय?"

तो माझ्यावर नाही, स्वतःच्या फोनवर संशय घेऊन आला होता.

मी फोन घेतला. पायरीवर बसले. कोपऱ्यात तडा गेलेली काच, कडांत सोयाबीनचं भुसकट. त्या दिवशीच्या कॉलची यादी उघडली. दुपारी बायकोचा फोन आला होता, त्यानं घेतला होता. कृषी केंद्राचा आला होता, तोही घेतला होता. फोनला काहीही झालेलं नव्हतं. हे मी पाहिलं, स्वच्छ पाहिलं, आणि ती यादी बंद करून सेटिंगमध्ये शिरले. सिंक बंद केलं, सुरू केलं. उगाच खाली-वर केलं. तो माझ्यासमोर उकिडवा बसून माझ्या बोटांकडे पाहत होता — दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताकडे पाहतात तसा.

मग मी त्याला सांगितलं की कॉल दुसरीकडे वळवण्याची सेटिंग सुरू झाली होती. अपडेटनंतर होतं असं कधी कधी. माझा फोन दुसऱ्याच कुणीतरी उचलला असणार. आता मी ती बंद केली आहे.

त्यानं फोन परत घेतला, काच सदऱ्याला पुसली. मग म्हणाला, "म्हंजे मीच कुठंतरी न वाचता बटन दाबलं असन."

मी म्हणाले, "असेल."

हे ते. हे मला सांगायचं होतं.

त्यानं ते प्रभाकरला जाऊन सांगितलं. प्रभाकर म्हणाला, आता बहाणे सांगतो. भाऊ भावाशी अजून बोलत नाही. माझ्या मोबाइलमध्ये गावं सगळी परत आहेत, मी हातानं एकेक भरली. नवं अपडेट आलं की लाल ठिपका दिसतो आणि मी 'नंतर' दाबते. मुलगी रागावते, म्हणते, आई, तूच एवढी व्यवस्थित आणि तुझाच फोन जुना.

मागच्या उन्हाळ्यात गजानन वाशिमच्या स्टँडवर भेटला. दिसताच वाकून नमस्कार केला. खिशात साधा, बटणांचा फोन होता. तो मोठा त्यानं काढून टाकला — त्यात काय होतं ते समजत नाही म्हणाला. नंबर मात्र तोच ठेवला आहे. शेतात असला तरी आता फोन छातीशी असतो, घरी जेवतानाही ताटाजवळ असतो, असं तो आपणहून सांगत होता. कुणाच्या फोनसाठी, ते मी विचारलं नाही.

"आता बरोबर वाजते, ताई," तो म्हणाला. "कधी लावून पाहा."

मी लावलेला नाही.