तांदळातलं नाव

मुलगी झाली तेव्हा ती कुठल्या देशाची, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. मी लालबागची, नवरा नायगावच्या बीडीडी चाळीतला, दोघांचे पासपोर्ट भारताचे. आमची पोर भारतीय नाही तर काय जपानी? आखातातल्या एका शहरात मी नर्स होते, नवरा एसी दुरुस्तीच्या कामाला. ज्या हॉस्पिटलात ड्युटी करायचे तिथेच बाळंत झाले. त्या देशात जन्मलं म्हणून कोणी तिथलं होत नाही, एवढं ठाऊक होतं. पण बाहेर जन्मलेलं मूल आपोआप आपल्या देशाचंही होत नाही, वर्षाच्या आत दूतावासात जाऊन आई-बापाच्या नावावर त्याची नोंद करावी लागते, हे ती नऊ महिन्यांची झाल्यावर कळलं.

आधी तिला कावीळ झाली, मग नवऱ्याच्या पाळ्या बदलल्या, आणि मग आडवा आला माझा स्वभाव. 'करू की, काय घाई आहे?' वॉर्डात औषधाला पाच मिनिटं उशीर झाला तर मी ज्युनिअरला फाडून खाते. स्वतःच्या पोरीच्या कागदाला नऊ महिने लावले.

दूतावासाच्या खिडकीतल्या माणसाने सगळे कागद पाहिले. पासपोर्ट, जन्मदाखला, मग लग्नाचा दाखला. तिथे तो थांबला.

"मॅडम, ह्या दाखल्यावर जी बाई आहे, ती तुम्ही नाही," हिंदीत म्हणाला.

मी हसले. आईशप्पथ, हसले. मग दाखला हातात घेऊन वाचला. वधू म्हणून त्यावर माझं लग्नातलं नाव होतं.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. माझं नवं नाव सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, निवडलं होतं. सासूबाई आधीच गेल्या होत्या, घरात बाई अशी मीच येणार होते, म्हणून बाबांनी स्वतःच्या आईचं नाव मला दिलं. ह्या आजीने गावात लोकांच्या शेतात राबून त्यांना वाढवलं, अंगावरची शेवटची बांगडी मोडून मुंबईला गिरणीत पाठवलं. मला काय, मी म्हटलं ठेवा. पेढ्यांसारखंच तेही एक, लग्नातलं. माझा पासपोर्ट, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, नोकरीचं पत्र, सगळं माहेरच्या नावाचं, ते तसंच राहणार होतं. पण आठवड्याने वॉर्ड ऑफिसात लग्न नोंदवायला गेलो तेव्हा फॉर्म बाबांनी भरला. 'वधूचे नाव' ह्या रकान्यात त्यांनी मोठ्या अभिमानाने आपल्या आईचं नाव लिहिलं. आणि मी, हातभर हिरवा चुडा घातलेली शहाणी, त्याच नावाने खाली सही केली. त्या नावाची सही मी आयुष्यात तेवढीच केली.

तिथल्या जन्मदाखल्यावर पासपोर्टवरचं नाव लागलं. लग्नाच्या दाखल्याचं अरबी भाषांतर कोणी निरखून पाहिलं नव्हतं. आता कागदोपत्री माझ्या नवऱ्याचं लग्न एका बाईशी झालेलं आणि मूल दुसरीला झालेलं. माझा पासपोर्ट बदलायचा तर नोकरीचा परवानाच अडकला असता. म्हणजे लग्नाचा दाखलाच दुरुस्त करायला हवा. नाही तर वर्ष उलटल्यावर प्रकरण दिल्लीला जाणार, परवानगी कधी येईल कोणी सांगू शकत नव्हतं. पोरीच्या तिथे राहण्याची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. नवऱ्याचं कंत्राटही संपत आलं होतं. आम्ही दोघं परत निघालो असतो तर विमानतळावर तिच्या हातात काय देणार? ती ना तिथली, ना इथली. नर्स आहे मी, रक्त बघून कधी भोवळ आली नाही. त्या दिवशी बाहेर येऊन पायरीवरच बसले.

कागद कुरिअरने पाठवून पाहिले. दीड महिना त्यात गेला. वॉर्ड ऑफिसातून निरोप आला, 'बाई स्वतः हजर पाहिजे.' मुलीला पासपोर्ट नाही म्हणजे तिला नेता येत नव्हतं. तिचा वाढदिवस सव्वीस दिवसांवर होता. मी तिला अंगावर पाजत होते. ती झोपलेली असताना घर सोडलं, कारण जागी असती तर माझ्याने पाय उचलला नसता.

मुंबईत उतरले तर गणपती तोंडावर आलेले. लालबाग-परळचे रस्ते मांडवांनी अडलेले, माणसांच्या अंगात उत्साह भरलेला, आणि मी त्यातून फाइल छातीशी धरून चालत होते. एरवी मी असल्या दिवसांत कोणाला आवरले नसते. आता ढोलाचा सराव ऐकला की मी दिवस मोजायचे, कारण प्रत्येक ढोल म्हणजे सुट्टी आणि सुट्टी म्हणजे एक दिवस कमी.

वॉर्ड ऑफिसातल्या क्लार्कबाई वाईट नव्हत्या. पण रोज एक नवा कागद लागायचा. आज जुन्या फॉर्मची नक्कल, उद्या माझा शाळेचा दाखला, परवा नवऱ्याचं तिकडून साक्षांकित केलेलं पत्र. एकदा रांगेत मागे कोणाचं तरी बाळ रडलं आणि माझं दूध दाटून आलं, ओढणी भिजली. मागच्या बाईने काही न बोलता तिची पिशवी माझ्यापुढे धरली, मला आडोसा व्हावा म्हणून. संध्याकाळी नवरा व्हिडिओ कॉल लावायचा. पहिले काही दिवस पोर पडद्यावर हात मारायची. मग ती बघेनाशी झाली, बापाच्या शर्टाच्या बटणाशी खेळत बसायची. नवरा म्हणायचा, "अगं, दात येतायत, चिडचिड करते." मी हो म्हणायचे.

बाराव्या दिवशी क्लार्कबाई म्हणाल्या, "सगळं झालं. आता तीन साक्षीदारांपैकी निदान एक आणा आणि ज्यांनी फॉर्म भरला त्यांनी लिहून द्यायचं, की हे नाव चुकून पडलं."

साक्षीदारांतले नवऱ्याचे मामा वारले होते. दुसरे चाळीतले शेजारी, चाळ पाडायला घेतल्यावर बदलापूरकडे कुठेतरी गेले, फोन बंद. तिसरे बाबाच. फॉर्म भरणारेही बाबाच.

"आजच आणा हां," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी गावी, आणि सही करणारे साहेब पण. मग विसर्जन झाल्यावरच. चारपर्यंत थांबते मी."

घड्याळात बारा वाजून गेले होते. वाढदिवसाला चौदा दिवस उरले होते. विसर्जनानंतर इथून कागद घेऊन तिकडे पोचायचं, खिडकीची वेळ मिळवायची, जमणारच नव्हतं.

बाबांना मी काही सांगितलंच नव्हतं. चाळ रिकामी झाल्यापासून ते भोईवाड्याला भाड्याच्या खोलीत राहायचे. मीही तिथेच उतरले होते, रोज त्यांच्या हातची पेज खात होते, आणि ते विचारायचे, "काय झाला कागदाचा?" मी म्हणायचे, "चाललंय, बाबा." दिवसातून दहादा ते मला त्या नावाने हाक मारायचे. त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू, की तुमच्या आईचं नाव खोडायला मी एवढ्या लांबून आलेय?

खोलीवर गेले तर ते पिशवी भरत होते. संध्याकाळची गावची गाडी. गावचा गणपती त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. गिरणीच्या संपात खायचे वांधे होते तेव्हाही गेले होते. मी दारातच सगळं एका दमात सांगून टाकलं. ते पिशवीची चेन धरून उभे राहिले.

"नाव चुकान पडला, असा लिवचा?"

"हो, बाबा."

"नायतर चेडू येवचा नाय?"

"पोर नाही येऊ शकणार."

त्यांनी चपला घातल्या. पिशवीही बरोबर घेतली.

कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याने स्टॅम्प पेपरवर मजकूर काढला. रोज असले शंभर काढत असेल. मी नाव, पत्ता तपासला. बाबा चष्मा लावून अक्षर अक्षर वाचत होते. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'सदर नावाची कोणतीही स्त्री आमच्या कुटुंबात नाही व नव्हती.'

"होती," बाबा म्हणाले.

टायपिंगवाल्याने वर पाहिलं. "आजोबा, असंच लिहितात सगळे."

"होती रे. माझी आवस."

सव्वातीन झाले होते. मजकूर बदलायचा तर नवा स्टॅम्प पेपर आणायचा, पुन्हा टाइप, मग नोटरीच्या रांगेत उभं राहायचं. मी बोलायला हवं होतं. 'बदला ती ओळ, बाबांना खोटं लिहायला लावू नका,' एवढं म्हणायला काय लागतं? पण माझ्या डोळ्यांपुढे चार वाजता बंद होणारी खिडकी होती. मी गप्प बसले. घाबरले होते म्हणून बसले, आणि ते चूक आहे हे कळत असताना बसले.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली.

"सही खंय करूची?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सही केली, सावकाश, शाळेत शिकवल्यासारखी पूर्ण. नोटरीचा शिक्का घेऊन आम्ही चारला पाच मिनिटं असताना वॉर्ड ऑफिसात पोचलो. क्लार्कबाईंनी पर्स खांद्याला लावलेली होती, ती परत खाली ठेवली. साहेबांनी सही केली. नवा दाखला हातात आला, त्यावर माझंच नाव. रडू आलं ते आनंदाचं की कसलं, कोण जाणे. बाहेर येऊन बाबांच्या पाया पडले. ते म्हणाले, "चल, माका गाडी गाठूची हा," आणि गर्दीत शिरले. नाव घेतलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तिकिटं मिळता मिळेनात. पोचले तेव्हा वाढदिवसाला सात दिवस होते. पोरीने दारात मला पाहिलं आणि बापाच्या गळ्याला मिठी मारली. मी हात पुढे केले तर किंचाळली. एकोणीस दिवसांत मी तिला परकी झाले होते. पाजायला घेतलं तर तोंड फिरवलं. दूध तसंही आटत आलं होतं.

खिडकीची वेळ मिळाली ती वाढदिवसाच्या दोन दिवस आधीची. दूतावासात तिला माझ्याकडे द्यायचा नवऱ्याने प्रयत्न केला, कारण नोंद आईबापाच्या समोर करायची होती आणि मला वाटत होतं तिने माझ्या कडेवर असावं. ती माझ्या हातात आली आणि जीव खाऊन रडायला लागली. अंग ताठ करून मागे झुकली, हात बापाकडे. सगळा हॉल बघायला लागला. आधीच आईच्या नावाचा घोळ झालेली ही फाइल, आणि त्यात पोर आईला ओळखत नाही. आता हा माणूस विचारणार, मॅडम, ही नक्की तुमचीच ना? मी काय दाखवणार होते त्याला, पोटावरचे टाके?

तोच माणूस होता. त्याने नवा दाखला पासपोर्टशेजारी ठेवला. ह्या नावावर बोट, त्या नावावर बोट. मग शिक्का उचलला आणि मारला. पोर एवढी रडत होती, पण त्याने मान वर करून एकदाही पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर बाबांना फोन लावला. "बाबा, झालं. नोंद झाली. आता पासपोर्ट आला की घेऊन येते तिला."

"बरा झाला. लय बरा झाला." त्यांचा आवाज भरून आला होता. "घेवन ये."

"गणपती कसा झाला गावी?"

"मी गेलंय नाय."

"का? गाडी चुकली? माझ्यामुळे उशीर..."

"गाडी होती. फलाटावर उभो होतंय. घर तां आवशीचा. तिच्या घरात ह्या वर्षी कसो जाव?"

माझ्या कडेवरची पोर रडून रडून दमली होती, आता तिची मान माझ्या खांद्यावर टेकली होती. बाबांनी मग मला माझ्या पासपोर्टवरच्या नावाने हाक मारली, पहिल्यांदाच, आणि म्हणाले, ठेव आता फोन, पोरगी भुकेली असेल. त्यांच्या तोंडी ते नाव कोणा दुसरीचं वाटलं.

"बाबा," मी म्हटलं, "घरात तरी मला जुन्याच नावाने हाक मारा ना. तुमच्या आईच्या."

"कशी मारू?" ते म्हणाले. "लिवन दिलंय मा मिया."