दीड तोंडाचा पक्षी

रिटायर झालो त्या हिवाळ्यात बायकोनं आमच्या टाउनशिपच्या सेक्टर 2 मधल्या एका वर्कशॉपला नाव दिलं. दर शनिवारी तिथं ग्रीस देशातली जुनी कशिदाकारी शिकवायचे. शिकवणारी मुलगी जवळच्या कँप-1 वस्तीतलीच, दोन वर्षं तिकडे राहून आलेली. मी बायकोला स्कूटरवर सोडायचो आणि दोन तासांसाठी घरी काय जायचं म्हणून मागच्या खुर्चीवर बसायचो.

पहिल्याच दिवशी ती मुलगी म्हणाली, तिकडच्या म्हाताऱ्या आधी कापड उलटं करून बघतात. मागची बाजूही पुढच्यासारखीच साफ पाहिजे. मी कान टवकारले. स्टील प्लँटमध्ये सारी नोकरी मी रेल्वेचे रूळ तपासण्यात घालवली होती. चष्मा चढवून मी बायकांमधून फिरू लागलो. "ताई, इथं गाठ राहिली. इथं एक धागा जास्त गेला." तिसऱ्या शनिवारी मला येताना बघून दुर्गहून येणाऱ्या एका बाईंनी कापडावर सरळ पदर टाकला.

बायको भडकली. "एवढं समजते तुमाले, तं घ्या ना सुई! दुसऱ्याचं कावून उसवून राहिले?"

घेतली. नक्षी निवडली ती सगळ्यात अवघड, दोन तोंडांच्या पक्ष्याची. ती मुलगी म्हणाली, "अंकल, कपड़े के बीच से शुरू कीजिए." मला वाटलं, हे नवशिक्यांसाठी असेल. मी डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली.

महिनाभर दुपारची झोप सोडून व्हरांड्यात बसलो. एक तोंड झालं, पंख झाले, लाल-निळी शेपटी झाली. दुसरी मान वर चढली, चोच अर्धी झाली आणि कापड संपलं. तीनदा धागे मोजले. हिशेब बरोबर होता.

"कापड आखूड आहे," मी जाहीर केलं.

दुर्गच्या बाईंनी माझं कापड हातात घेतलं, उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. "मागून एकदम साफ आहे हो, भाऊ!"

सगळा हॉल हसला. बायको तर डोळे पुसत होती. मलाही शेवटी हसू आवरेना.

त्या मुलीनं सांगितलं, तिकडे हातमागाचं कापड अरुंदच निघतं, म्हणून पट्ट्या जोडून घेतात. बायकोनं आपल्या कापडाची पट्टी कापून माझ्या कापडाला जोडली. जोडाचा टाका घालताना माझं बोट धरून तिनं सुई कशी वळवायची ते दाखवलं. सोळा वेळा चुकलो, ती एकदाही ओरडली नाही.

उरलेली चोच घरी बसून पुरी करत होतो, तेव्हा पुण्याहून आमच्या मुलीचा फोन आला.

"बाबा, काय करून राहिले?"

"कशिदा."

ती हळूच म्हणाली, "जरा आईले फोन द्या."