दोरीच्या आतली म्हैस

अशी लांब का उभी राहिलीस, हात मागं बांधून? ये, जवळ ये. शिल्प म्हटलं की दुरूनच बघायचं, हे कुणी शिकवलं गं तुला? लाव हात. पाठीवर लाव.

ही म्हैस मी एकटीनं केलेली नाही. मी कुठल्या कलाशाळेत गेले नाही. मोडकंतोडकं जोडत शिकले आणि जमेल तसं शिकवत राहिले. कळंब्याला दुपारी बायकांचा वर्ग घ्यायची, तिथं ही उभी राहिली. आत लोखंडी सळ्या, पोत्यांत भरलेली गुऱ्हाळावरची चिपाडं, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबा. पाठ मात्र जुन्या लुगड्यांची, ती आक्कानं शिवली. आक्का म्हणजे वर्गातली सगळ्यात भांडखोर बाई. गुडघे गेले, धारेला बसवेना, म्हणून घरच्यांनी तिची म्हैस विकली होती. मी टाके घालायला लागले की दरडावायची, "बाई, म्हैस हाय ही, वाकळ न्हाय. कणा दिसू दे की."

पुढं कोल्हापुरात एका मोठ्या दालनात प्रदर्शन लागलं. या वयात माझं पहिलंच. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. बघतात तर म्हशीभोवती दोरी, आणि पाटी: हात लावू नये. आक्का पुढं झाली तसा राखणदार म्हणाला, मावशी, मागं व्हा.

"माझ्याच म्हशीला हात लावू नको म्हनतोस व्हय रं?"

बाकीच्या हसल्या. आक्का हसली नाही. जाऊन बाकावर बसली आणि फरशीकडं बघत राहिली.

तेवढ्यात संयोजक माझ्याकडं आले. म्हैस त्यांना दालनात कायमची हवी होती, काचेत. खोटं कशाला सांगू, जीव हरखला. आपल्यामागं आपलं काम राहावं, असं कुणाला वाटत नाही? मी विचारलं, माझ्या बायकांना हात लावू द्याल का? ते नम्रपणे म्हणाले, हातांच्या घामानं वस्तू खराब होते. त्यांचं चूक नव्हतं. राखणं हेच त्यांचं काम. पण वर्गात मी बायकांना प्रत्येक गोष्ट आधी डोळे मिटून चाचपायला लावली होती, बघायला नंतर. ते सगळं मग कशासाठी?

मी नको म्हणाले. मनात धाकधूक होतीच.

प्रदर्शन संपल्यावर टेम्पोतून परत आणली. आक्का मागं बसली, म्हशीच्या कुशीला टेकून. खड्डा आला की हिच्या पाठीवर हात दाबून धरायची.

आता बघ, ट्यूबा तडकल्यात, पाठ विरलीय. ही टिकायची नाही, ठाऊक आहे मला. कधीकधी वाटतं, काचेत राहिली असती तर बरं झालं असतं. मग आक्का येते, ठिगळ लावते आणि मलाच बोलते, बाई, म्हैस वाळली, तुमचं लक्ष न्हाय.

ताजी चिपाडं सांगून ठेवलीत, हिचं पोट भरायचं आहे. आज घाईत आलीस, चहासुद्धा घेतला नाहीस. पुढच्या खेपेला दुपारची ये, आक्का असते. तिच्या शिव्या खायची तयारी ठेव, आणि लवकर ये गं.